बिबट्याच्या पोटातले जंत आणि गावचा उकिरडा

जुन्नर, आंबेगाव, शिरूर, अकोले, संगमनेर या पट्ट्यातल्या माणसाला बिबट्या उसात राहतो, हे सांगावं लागत नाही. तिथली बिबट्याची भीती खरी आहे. माणसं गेली आहेत, लेकरं गेली आहेत. त्या भीतीशी मला वाद घालायचा नाही. पण करोनानंतर वन्य प्राणी म्हटलं की रोगही आठवतो, आणि त्यातून दुसरी एक भीती पहिलीच्या पाठीवर बसून येते. बिबट्याच्या विष्ठेत जंत सापडतात, कोल्ह्या-लांडग्यांच्या आतड्यात टेपवर्म असतात, तेव्हा आरोग्यासाठीसुद्धा हे प्राणी वस्तीजवळ नकोत, असा तो युक्तिवाद.

त्याची सुरुवात बरोबर आहे. मांस खाणाऱ्या रानटी जनावराच्या आतड्यात जंत असायचेच. गोलकृमी, अंकुशकृमी, पट्टकृमी म्हणजे टेपवर्म, सगळे. यातले काही माणसाला त्रास देतात, हेही खरं. पण ते जनावर हटवलं की धोका हटला, हा निष्कर्ष त्यातून निघत नाही. निदान महाराष्ट्रात तरी या जंतांची मुख्य वाहतूक गाव, खाटीकखाना आणि कुत्रा यांच्यामध्ये चालते. रान त्या रस्त्याच्या कडेला आहे. उपाय करायचा तर रस्ता बंद करावा लागेल, आणि तो आपल्या हद्दीत आहे.

सगळ्यात घातक म्हणावा असा जंत घेऊ. इकायनोकॉकस ग्रॅन्युलोसस. नाव अवघड, देह अगदीच किरकोळ, जेमतेम तीन ते सात मिलिमीटर. हा पट्टकृमी कुत्र्याच्या कुळातल्या प्राण्यांच्या लहान आतड्यात राहतो. कुत्रा, लांडगा, कोल्हा. कुत्र्याला त्याचा फारसा त्रास होत नाही, हजारो जंत पोटात असून कुत्रा धडधाकट हिंडतो. त्याच्या विष्ठेतून अंडी बाहेर पडतात, गवतावर, पाण्यात, भाजीच्या वाफ्यात जातात. मेंढी, शेळी, म्हैस, गाय चरताना ती गिळते. मग त्या जनावराच्या काळजात, म्हणजे यकृतात, किंवा फुफ्फुसात पाण्याने भरलेल्या गाठी वाढतात. त्या गाठींमध्ये पुढच्या पिढीची असंख्य डोकी तयार असतात. गाठ असलेलं काळीज कच्चं कुत्र्याच्या तोंडी पडलं की सहा-सात आठवड्यांत त्याच्या आतड्यात जंत वयात येतात आणि चक्र पूर्ण होतं.

माणूस या चक्रात चुकून शिरतो. अंडी हाताला लागून किंवा न धुतलेल्या कोथिंबिरीबरोबर पोटात गेली की मेंढीला होतात तशाच गाठी माणसाला होतात. बहुतेक यकृतात, त्याखालोखाल फुफ्फुसात, क्वचित मेंदूत. डॉक्टर त्याला हायडॅटिड म्हणतात. गाठ सावकाश वाढते, कित्येकदा दहा-पंधरा वर्षं कळतच नाही. कळते तेव्हा शस्त्रक्रिया, किंवा सुई घालून गाठ रिकामी करणं, किंवा महिनोन्महिने अल्बेंडाझोल या जंतनाशकाच्या गोळ्या. गाठ फुटली तर जिवावर बेतू शकतं. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाने या कुळातल्या जंतांमुळे आजारी असलेल्यांची संख्या जगात कोणत्याही वेळी दहा लाखांच्या वर असते.

इथे एक गैरसमज फार पक्का बसलेला आहे. गाठीचं मटण खाल्ल्याने माणसाला हायडॅटिड होतो, असं लोकांना वाटतं. तसं होत नाही. ते मटण खाऊन कुत्र्याला जंत होतात आणि माणसाला गाठ होते ती कुत्र्याच्या विष्ठेतली अंडी पोटात गेल्याने. म्हणून जन्मभर माळ घातलेल्या वारकऱ्यालाही हा रोग होऊ शकतो. आणि या गैरसमजाचंच एक घातक फळ म्हणजे, मटणाच्या दुकानात फुगे आलेलं काळीज निघालं की ते गिऱ्हाइकाला द्यायचं नाही, म्हणून खाटीक ते बाजूला टाकतो. प्रामाणिकपणानेच टाकतो. दुकानासमोर बसलेला कुत्रा ते झेलतो. गिऱ्हाईक वाचवायला केलेल्या कृतीने रोग पुढे जातो.

आता यात बिबट्या कुठे आहे? मांजराच्या कुळात हा जंत नीट नांदत नाही. आफ्रिकेतल्या सिंहांमध्ये त्याचा एक वेगळा भाऊबंद आढळतो, तो सोडा. आपल्याकडच्या बिबट्याचा या जंताशी संबंध येतो तो मुख्यतः ताटातून, कारण आपला बिबट्या कुत्रे खातो. अकोले तालुक्यातल्या बिबट्यांच्या आहाराचा विद्या अत्रेय आणि सहकाऱ्यांनी केलेला अभ्यास २०१४ साली प्रसिद्ध झाला. वजनाच्या हिशेबाने आहाराचा ८७ टक्के भाग माणसाच्या आसऱ्याने राहणाऱ्या प्राण्यांचा निघाला आणि त्यात एकट्या कुत्र्याचा वाटा ३९ टक्के. शेळीपेक्षा कुत्रा जास्त. मुंबईच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानातल्या बिबट्यांबद्दल २०१८ साली आलेल्या एका अंदाजानुसार ते वर्षाला सुमारे दीड हजार कुत्रे खातात आणि त्यामुळे कुत्रा चावण्याच्या हजारभर घटना टळतात. हा हिशेब मांडलेला आहे, मोजलेला नाही, हे लक्षात ठेवून तो वाचावा. तरी दिशा स्पष्ट आहे. जंत असलेला कुत्रा बिबट्याच्या पोटात गेला की हायडॅटिडच्या अंड्यांचा एक चालताबोलता कारखाना बंद होतो.

विष्ठेत जंतांची अंडी सापडली, अशी बातमी वाचताना आणखी एक गोष्ट डोक्यात ठेवायला हवी. बिबट्याने कुत्रा खाल्ला तर कुत्र्याच्या आतड्यातली अंडीही त्याच्या पोटातून तशीच खाली उतरू शकतात. म्हणजे बिबट्याच्या विष्ठेत कुत्र्याच्या अंकुशकृमीची अंडी दिसली, एवढ्यावरून बिबट्याला तो जंत झाला असं म्हणता येत नाही. तो फक्त काल काय जेवला ते कळतं. दुसरी अडचण याहून मोठी. इकायनोकॉकसची अंडी आणि त्याच गटातल्या, माणसाला फारशा न बाधणाऱ्या कित्येक टीनिया जंतांची अंडी सूक्ष्मदर्शकाखाली अगदी एकसारखी दिसतात. ती वेगळी ओळखायला डीएनए तपासावा लागतो. आपल्याकडचे बरेच विष्ठा-अभ्यास सूक्ष्मदर्शकावर थांबतात, कारण विद्यार्थ्याकडे पैसे तेवढेच असतात. अभ्यास करणाऱ्यांचा दोष नाही. पण ‘टीनिया गटातली अंडी’ हे सावध वाक्य बातमीत येईपर्यंत ‘जीवघेणा जंत’ झालेलं असतं.

तेव्हा बिबट्या निर्धोक का? नाही. त्याच्यात टॉक्सोकारा हा गोलकृमी असतो, मांजरकुळातला म्हणून टॉक्सोप्लाझ्मा हा एकपेशीय परजीवीही असू शकतो. वनरक्षक, विष्ठा गोळा करणारे संशोधक, पिंजऱ्यातला बिबट्या हाताळणारे, मेलेला बिबट्या फाडणारे पशुवैद्य, या मंडळींना धोका खरा आहे आणि त्यांच्या हातात कित्येकदा साधे हातमोजेही नसतात. लांडगा आणि कोल्हा यांच्याबाबतीत तर मी आणखी सावध राहीन, कारण इकायनोकॉकस त्यांच्यात नांदतो. पण आकड्यांचा अंदाज घ्या. २०१९ च्या पशुगणनेत देशातले भटके कुत्रे दीड कोटीहून जास्त भरले. त्यात पाळीव कुत्रे नाहीत, मेंढपाळांचे नाहीत. सोलापूर-पुण्याच्या माळरानावर उरलेले लांडगे त्यांच्यासमोर किती? आणि कुत्रा शाळेच्या आवारात, मंदिराच्या ओट्यावर, भाजीच्या वाफ्यात हगतो, लांडगा नाही.

एका आक्षेपाला मात्र उत्तर द्यायला हवं. वन्य मांसाहारी प्राणीच मुख्य दोषी ठरल्याची उदाहरणं जगात आहेत, आणि ती दडवून माझा मुद्दा मजबूत होणार नाही. युरोपात इकायनोकॉकस मल्टिलोक्युलॅरिस नावाचा दुसरा जंत आहे. तो लाल खोकडांच्या आतड्यात राहतो, रानउंदरांमधून फिरतो आणि माणसाच्या यकृतात कर्करोगासारखा पसरत जातो. तिथे १९७८ पासून खोकडांना आमिषातून रेबीजची लस द्यायला सुरुवात झाली. रेबीज हटला, खोकडं वाढली, शहरांत शिरली, आणि हा जंतही त्यांच्याबरोबर पसरला. म्हणजे तिथे वन्य प्राणी रोगाचा उगम आहेच. मग त्यांनी खोकडं मारली का? फ्रान्समध्ये नान्सी शहराभोवती हा प्रयोग खरोखर करून पाहिला गेला. कित्येक वर्षं जोरात शिकार केली. खोकडांची संख्या घटली नाही, उलट जंत असलेल्या खोकडांचं प्रमाण ४० टक्क्यांवरून ५५ टक्क्यांपर्यंत गेलं. जुनी, जागा धरून बसलेली खोकडं मेली की बाहेरून तरुण येतात, आणि तरुणांच्या पोटात जंत जास्त असतात. झुरिकमध्ये मात्र जंताचं औषध घातलेली आमिषं महिन्याच्या महिन्याला टाकली, तेव्हा प्रमाण घटलं.

मारून प्रश्न सुटल्याचं एक उदाहरण मला ठाऊक आहे, तेही सांगून टाकतो. जपानच्या उत्तरेला रेबुन नावाचं छोटं बेट आहे. १९२० च्या दशकात तिथे उंदीर मारायला म्हणून कुरील बेटांवरून खोकडं आणून सोडली. त्यांच्याबरोबर हा जंत आला आणि पुढच्या काही दशकांत शंभराहून अधिक माणसं आजारी निघाली. शेवटी बेटावरची खोकडं आणि कुत्रे, दोन्ही संपवले आणि रोग थांबला. पण ते बेट होतं. जुन्नरला समुद्र नाही. इथला एक बिबट्या उचलला की त्याच्या जागी दुसरा येतो, हे इथल्या शेतकऱ्याला वनखात्याइतकंच ठाऊक आहे. मध्यंतरी तर बिबट्यांसाठी जंगलात शेळ्या सोडाव्यात, असाही तोडगा चर्चेत आला होता. त्या शेळ्यांच्या उरल्यासुरल्या काळजा-फुफ्फुसांवर रात्री कोण येणार, हा प्रश्न त्या चर्चेत मला कुठे दिसला नाही.

आपल्या जंताशी, म्हणजे ग्रॅन्युलोससशी, झुंजून जिंकलेले देश पाहायचे तर आइसलँड पाहावा. १८६३ साली हाराल्ड क्राबे नावाचे डॅनिश संशोधक तिथे गेले. घरोघर मेंढ्या, घरोघर कुत्रे, आणि कापलेल्या मेंढीचं नको ते सगळं कुत्र्याला. त्यांनी कुत्र्यांची पोटं तपासली, गाठींचा उलगडा केला आणि त्यावर एक पुस्तिका लिहिली, ती देशभर घरोघरी फुकट वाटली गेली. पाठोपाठ कायदे आले. कुत्र्यांवर कर, कुत्र्यांना सक्तीने जंताचं औषध, गाठी असलेले अवयव पुरून किंवा जाळून टाकण्याची सक्ती. त्या काळात नीट लागू पडणारं औषधसुद्धा नव्हतं. तरी विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत तिथला रोग जवळपास नाहीसा झाला. लांब हिवाळ्याच्या रात्री वाचत बसणाऱ्या लोकांचा देश होता, त्याचाही फायदा झाला असणार. पण मुख्य गोष्ट ही की खाटीककामातला टाकाऊ भाग कुत्र्यापर्यंत पोचू द्यायचा नाही, एवढ्या एका नियमावर बरंचसं काम झालं.

न्यूझीलंडने १९५९ साली खास या रोगासाठी कायदा केला. तिथे कुत्र्यांना ठरावीक दिवशी एकत्र आणून अॅरेकोलीन पाजत आणि त्यांचं पोट साफ करून तपासत. अॅरेकोलीन म्हणजे आपल्या सुपारीतलं द्रव्य. श्रीवर्धनच्या बागेत पिकतं ते. २००२ साली न्यूझीलंडने तात्पुरत्या रोगमुक्तीची घोषणा केली. आज आपल्या हाती त्याहून कितीतरी चांगलं औषध आहे, प्राझिक्वांटेल. स्वस्त आहे, एका मात्रेत जंत मारतं.

मग आपण काय करतो? सर्वोच्च न्यायालयाच्या २२ ऑगस्ट २०२५ च्या आदेशात रेबीज झालेले आणि आक्रमक कुत्रे वगळता बाकी भटक्या कुत्र्यांची नसबंदी, लसीकरण आणि जंतनिर्मूलन करून त्यांना मूळ जागी सोडावं, असं म्हटलं होतं. त्यावर देशभर कुत्राप्रेमी आणि कुत्राद्वेष्टे असं रणकंदन झालं, आणि ‘जंतनिर्मूलन’ या शब्दाकडे दोन्ही बाजूंपैकी कोणाचं लक्षच गेलं नाही. लस एकदा दिली की काही काळ टिकते, नसबंदी कायमची. जंताचं औषध तसं नाही. आज औषध दिलेला कुत्रा उद्या पुन्हा त्याच मटणाच्या दुकानासमोर बसला, तर दीड-दोन महिन्यांत तो पुन्हा अंडी टाकू लागतो. म्हणून जिथे हा रोग आटोक्यात आणला तिथे कुत्र्याला ठरावीक आठवड्यांनी परत परत औषध द्यावं लागलं. नसबंदीच्या पिंजऱ्यातली एक गोळी ही कागदावरची नोंद आहे. शिवाय औषधाने जंत मरतात, अंडी मरत नाहीत. औषध दिल्यावर एक-दोन दिवस कुत्र्याची विष्ठा उचलून जाळायला हवी, हे आपल्याकडे कोण करतं?

दरवर्षी फेब्रुवारीत राष्ट्रीय जंतनाशक दिनी शाळा-अंगणवाड्यांत पोरांना अल्बेंडाझोलची गोळी देतात. चांगली योजना आहे, ती चालूच राहावी. पण ती गोळी माणसाच्या स्वतःच्या जंतांसाठी आहे, हायडॅटिडची गाठ तिने विरघळत नाही. शाळेच्या फाटकाशी पोरांच्या डब्यातली पोळी खाणाऱ्या कुत्र्याला मात्र कोणतीच गोळी नाही. पोरं आरोग्य खात्याची, कुत्रा नगरपालिकेचा, मेंढी पशुसंवर्धनची, बिबट्या वनखात्याचा. जंत कोणाचाच नाही.

गिधाडांचीही आठवण इथे काढायला हवी. पूर्वी गावाबाहेर टाकलेलं मेलेलं ढोर गिधाडं काही तासांत साफ करत. गाठीतला जंत गिधाडाच्या पोटात गेला की संपला, त्याला कुत्र्याच्या कुळातल्याच प्राण्याचं आतडं लागतं. जनावरांना देत असलेल्या डायक्लोफिनॅक या वेदनाशामकामुळे गिधाडं गेली. २००६ साली त्या औषधावर बंदी आली, तोवर फार उशीर झाला होता. ढोरं पडायची थांबली नाहीत आणि त्यांच्यावर कुत्रे येऊ लागले. माळरानावर टाकलेल्या कोंबड्या आणि ढोरांवर कुत्र्यांबरोबर आता लांडगेही येतात. कोंबडीत हा जंत नसतो, पण कोंबडीच्या ढिगावर कुत्र्यांच्या टोळ्या पोसल्या जातात आणि त्यांचे रोग लांडग्याला जातात. पुण्याजवळच्या माळांवर लांडगा आणि कुत्रा यांचा संकर झालेले प्राणी आढळले आहेत. एवढी जवळीक असेल तिथे जंतांची देवाणघेवाण वेगळी सिद्ध करायची गरज मला वाटत नाही.

या सगळ्यात धनगरांकडे बोट जाणं सोपं आहे. मेंढरं त्यांची, कुत्रे त्यांचे, वाट लांबची. पण वाटेत मेलेल्या मेंढीचं त्याने करायचं काय, हे त्याला आजवर कोणी सांगितलेलं नाही. परमुलखात खड्डा खणायला जागा कोण देतं? पशुवैद्यकीय दवाखाना त्याच्या मेंढरांना लस टोचतो तेव्हा कुत्रा शेजारीच बसलेला असतो. त्याच वेळी त्या कुत्र्याला प्राझिक्वांटेल दिलं, तर वेगळी योजना, वेगळं वाहन, वेगळा दिवस काहीच लागत नाही. घाटावरून कोकणात उतरणाऱ्या आणि पावसाळ्याच्या तोंडावर परतणाऱ्या वाड्यांचे मार्ग पिढ्यान्‌पिढ्या ठरलेले आहेत, त्या मार्गांवर औषध ठेवणं अशक्य नाही. आणि काळीज-फुफ्फुस कुत्र्याला घालायचंच असेल, तर अर्धा तास खळखळ उकळून घाला, हे सांगायला कायदाही लागत नाही.

गावच्या जत्रेत, कंदुरीला, एका दिवसात शेकडो बोकड पडतात. त्या दिवशी पाण्याच्या टँकरची सोय ग्रामपंचायत करते, पोलीस बंदोबस्त मागवते. एक खोल, झाकण असलेला खड्डा आणि त्यावर चुना, ही व्यवस्था त्याच यादीत घालायला किती खर्च येतो? शहरातल्या मोठ्या कत्तलखान्यात निदान तपासणी होते. तालुक्याच्या बाजारपेठेतल्या उघड्या दुकानांत ती होत नाही. माझ्या मते या प्रश्नावर एकच रुपया खर्च करायचा असेल, तर तो त्या दुकानांमागच्या गटारावर करावा. बिबट्याच्या पिंजऱ्यावर नव्हे.

वन्य प्राण्यांची तपासणी करूच नये, असा याचा अर्थ नाही. उलट ती नीट करावी, आणि त्यासाठी एकही प्राणी पकडायची गरज नाही. महामार्गांवर गाड्यांखाली बिबटे मरतात, कोल्हे मरतात. बिबट्याचं शवविच्छेदन नियमाने होतंच, पंचनामा होतो, आणि मग आतड्यासकट सगळं जाळतात. जाळण्याआधी आतडं काढून उणे ८० अंशांवर काही दिवस ठेवलं, तर त्यातली इकायनोकॉकसची अंडी मरतात आणि ते तपासणाऱ्यालाही सुरक्षित होतं. घरच्या फ्रिजरच्या थंडीने ती मरत नाहीत, म्हणून ही सोय प्रयोगशाळेतच हवी. नागपुरात राष्ट्रीय ‘वन हेल्थ’ (One Health, म्हणजे माणूस, जनावरं आणि पर्यावरण यांचं आरोग्य एकत्र पाहणाऱ्या) संस्थेची पायाभरणी डिसेंबर २०२२ मध्ये झाली, पशुविज्ञान विद्यापीठ त्याच शहरात आहे. गाडीखाली मेलेल्या बिबट्याचं आणि त्याच तालुक्यातल्या खाटकाकडच्या काळजाचं, दोन्हींचे नमुने एकाच टेबलावर आले आणि त्यांचा डीएनए जुळवला गेला, तर कोणी कोणाला जंत दिले याचं उत्तर मिळेल. ते उत्तर येईपर्यंत वनखात्याने आपल्या माणसांना निदान हातमोजे द्यावेत.